चाळीस मिळवायचे नाहीत

पट्टीकाकांची नोकरी एका दमात सांगून संपते. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी जायचं, खांबावर ठोकलेल्या उभ्या पट्टीवर नदीचं पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि तो आकडा पुलाच्या तोंडाशी असलेल्या खोलीत जाऊन रजिस्टरात लिहायचा. एवढंच. पण हे एवढंच ते एकतीस वर्षं करत होते आणि त्या एकतीस वर्षांत रजिस्टरातला एकही रकाना रिकामा राहिला नव्हता. लग्नाच्या दिवशी त्यांनी आधी सकाळचा आकडा लिहिला आणि मग कपडे बदलले. त्यांची बायको हे आजही येईल-जाईल त्याला सांगते. सांगताना तिच्या आवाजात कौतुक किती आणि राग किती, हे मात्र काकांनाही मोजता आलेलं नाही.

माणूस साधा, पण आकड्यांच्या बाबतीत हट्टी. पाऊस 'बराच' पडला असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "बराच म्हणजे किती?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करायचे. कोणी तापाने फणफणलंय म्हटलं तरी आधी थर्मामीटर लावला का, हा प्रश्न. गाव त्यांची टिंगल करायचं आणि नदीत पाय घालण्याआधी त्यांनाच विचारायचं. राफ्टवाले, मासे धरणारे, पलीकडच्या काठावर शेत असलेले, सगळे. त्या विचारण्यावर काका जगत होते म्हटलं तरी चालेल.

आता पट्टीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात जुनी पट्टी वाहून गेली. नवी ठोकायला खात्याने जो माणूस पाठवला त्याला संध्याकाळची बस गाठायची होती. त्याने पट्टी जिथे हात पोचला तिथे ठोकली आणि गेला. ती चाळीस सेंटिमीटर वर बसली. म्हणजे पाणी खरं एक मीटर नव्वद असलं की पट्टीवर दिसायचं एक पन्नास. काकांनी त्याच आठवड्यात वर अर्ज केला. मग दर वर्षी एक, असे अकरा अर्ज झाले. एकाचंही उत्तर आलं नाही. तोवर काय करायचं? पट्टीवर दिसेल त्यात चाळीस मिळवायचे. काकांनी मिळवले, गावानेही मिळवले. पुढेपुढे तर गावातलं शेंबडं पोरही कठड्यावरून खाली वाकायचं आणि मनातल्या मनात चाळीस मिळवून मोकळं व्हायचं.

यंदा राफ्टचा मोसम सुरू व्हायच्या तोंडावर खात्याला जाग आली. दोन माणसं शिडी घेऊन आली, पातळी तपासली, पट्टी उखडून बरोबर जागी ठोकली. शिडी काकांनीच धरली होती. त्या दिवशी त्यांच्या पायांना जमीन लागत नव्हती. त्यांनी एक चिठ्ठी लाल शाईने लिहून रजिस्टराच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली: 'चाळीस मिळवायचे नाहीत.' मग गावभर सांगत फिरले, राफ्टवाल्यांना तर दारात जाऊन सांगितलं. पहिले आठ दिवस ते आकडा लिहिण्याआधी चिठ्ठी वाचायचे आणि मगच पेन टेकवायचे.

आणि नेमके तेव्हाच त्यांचे मित्र आले.

दोघे होते. कॉलेजात असताना काकांसोबत हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेले. एक वकील. म्हणजे त्याने जन्मात कोर्टाची पायरी चढलेली नाही. पण मेसमधला भात कच्चा राहिला की तो आचाऱ्याशी तासभर मुद्देसूद भांडायचा, म्हणून वकील. पोटापाण्यासाठी त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दुसरा लंबू, उंची पाच फूट एक इंच. तो लिफ्टा दुरुस्त करतो. दोघंही तीस वर्षं फोनवर "येतो, येतो" म्हणत होते. शेवटी वकिलाचा एक गुडघा बोलायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "दुसरा बोलायला लागायच्या आत येतो. आणि घरात बसवून चहा पाजायचा नाही. डोंगर, नदी, जे काय आहे ते सगळं दाखवायचं."

काकांनी पंधरा दिवस आधीपासून तयारी केली. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला, शेजाऱ्यांकडून दोन गाद्या आणल्या आणि तीन दिवसांचा कार्यक्रम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. पाच पंचेचाळीस, उठणे. सहा पाच, चहा. सहा वीस, निघणे.

लंबूने चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला. "अरे, यात संडासला वेळच ठेवली नाहीये."

"चहाच्या वेळेत बसवा ते," काका म्हणाले.

"ऐकलंत ना?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी अठ्ठावीस वर्षं असंच बसवत आलेय."

पहिल्या दिवशी डोंगर झाला. वकिलाने अर्ध्या वाटेवर बसून, माथ्यावरून जे दिसतं ते इथूनही दिसतंच, असा युक्तिवाद केला. पण कोणी ऐकून घेतलं नाही. लंबूच्या बुटाचा तळ सुटला आणि त्याने तो तारेने असा बांधला की परत येताना तोच सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या सायकलींवरून जंगलातला रस्ता. त्या दोन दिवसांत काका जेवढे हसले तेवढे गेल्या दहा वर्षांत हसले नसतील. आपल्याकडे कोणी पाहुणे यावेत, आपल्या गावाला त्यांनी वा म्हणावं, याची त्यांना एवढी भूक आहे हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

तिसरा दिवस नदीचा. आणि राफ्ट नेणार होती काकांची पुतणी.

काका तिला पाणकोंबडी म्हणायचे. ती आठ वर्षांची असताना त्यांनी तिला कठड्याशी उभं करून पट्टी वाचायला शिकवली होती. घड्याळ ती नंतर शिकली. आता पंचविशी ओलांडलेली, खांद्याने भरलेली, आवाज पाण्याच्या वर जाणारा. तिने राफ्टवर गाइड व्हायचं ठरवलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांच्या मोठ्या भावाने, आकाशपाताळ एक केलं होतं. काका मध्ये पडले. "दादा, पाणी मी बघतो," ते म्हणाले. "मोसमात रोज सकाळी सातला आकडा मी सांगेन, मगच ती राफ्ट सोडेल." भाऊ त्या एका शब्दावर गप्प झाला. तेव्हापासून मोसमात सकाळी सात वाजता काकांचा फोन वाजायचा: "काका, पाणी किती?" त्यासाठी काका आठच्या फेरीशिवाय सातची एक जादा फेरी मारायचे. तिचा आकडा रजिस्टरात लिहायचा नसायचा, नुसता फोनवर सांगायचा.

तिचा परवाना अजून कच्चा होता. पन्नास फेऱ्या निर्धोक झाल्या की पक्का मिळणार. गेल्या मोसमात सेहेचाळीस झाल्या होत्या. चार उरल्या होत्या. मधे कुठे गाइडच्या चुकीने अपघात झाला, तर कच्चाही रद्द आणि पाच वर्षं अर्ज करायचा नाही, असा नियम. आणि तिच्या वडिलांनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं की यंदा पक्का झाला तर ठीक, नाहीतर हे नदीचं खूळ बंद.

मोसमाची पहिली फेरी त्या सकाळी होती. सात वाजता तिघे पुलावर उभे होते. वकील म्हणाला, "दाखव बघू तुझं ऑफिस."

"हे काय," काकांनी नदीकडे हात केला. "छप्पर नाही, फाइल नाही, साहेब तर नाहीच नाही."

तेवढ्यात फोन वाजला. "काका, पाणी किती?"

काका कठड्यावरून वाकले. पट्टीवर पाणी एक पन्नासला होतं. मित्र बघत होते. काकांनी फोन कानाला लावला आणि नेहमीच्या, जरा भारदस्त केलेल्या आवाजात सांगितलं, "एक नव्वद."

झालं. अकरा वर्षं ज्या जिभेने चाळीस मिळवले, तिने आजही मिळवले. चिठ्ठी रजिस्टरात होती, रजिस्टर खोलीत होतं आणि खोलीला कुलूप होतं. नवख्या माणसाला ही चूक जमलीच नसती. तिच्यासाठी वर्षानुवर्षं बिनचूक काम करावं लागतं.

"एक नव्वद?" पाणकोंबडी म्हणाली. "काल संध्याकाळी मी बघितलं तेव्हा दीडच्या आसपास होतं."

"वरच्या धरणातून सोडलं असेल पहाटे. ये खाली, आम्ही पोचतोच."

आता त्या चाळीस सेंटिमीटरने काय बिघडतं, ते सांगतो. नदीच्या तिसऱ्या वळणावर मधोमध एक मोठा खडक आहे. गाव त्याला म्हातारी म्हणतं, कारण पाणी उतरलं की तिचं करडं डोकं वर निघतं. पाणी एक ऐंशीच्या वर असेल तर राफ्ट डावीकडून, म्हातारीच्या डोक्यावरून नेतात. तिथला प्रवाह सरळ आणि मोकळा. त्याच्या खाली असेल तर उजवीकडची चिंचोळी वाट धरायची, वेळ लागतो पण धोका नाही. आणि सगळ्यात वाईट पाणी म्हणजे एक पन्नास ते एक साठ. तेव्हा म्हातारी जेमतेम बुडते. दिसत नाही, पण असते.

होड्यांच्या शेडपाशी पाणकोंबडीने तिघांना जाकिटं घातली, पट्टे ओढून बघितले, वकिलाच्या चष्म्याला दोरी बांधून दिली. वकिलाने ती खिशात घातली. चष्म्याच्या धंद्यातल्या माणसाने दोरी लावून फिरायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता. मग ती काठावर उभी राहून जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"काका, मला पाणी कमी वाटतंय."

"कमी म्हणजे किती?"

"ते नाही सांगता येत. वाटतंय."

काका मित्रांकडे बघून हसले. "एकतीस वर्षं मी ही नदी वाचतोय. डोळ्यांवर जाऊ नकोस बाई, डोळे फसवतात. आकड्यावर जा."

ती आणखी काही बोलणार होती. पण पाहुण्यांसमोर काकांना तोडून बोलणं तिच्या जिवावर आलं असावं. तिने वल्हं उचललं.

पहिली दोन वळणं मजेत गेली. लंबू प्रत्येक उसळीला ओरडत होता आणि वकील त्याला, ओरडण्याने राफ्टचा वेग वाढत नाही, हे समजावत होता. तिसऱ्या वळणाला पाणकोंबडी मागून ओरडली, "डावीकडे! जोरात!" चौघांनी वल्ही मारली. समोर पाणी गुळगुळीत दिसत होतं, नुसता एक फुगवटा.

राफ्ट त्या फुगवट्यावर चढली आणि थांबली. नदी थांबली नाही. मागून येणारं पाणी राफ्टच्या वरच्या कडेवर चढलं, ती कड खाली दाबली गेली आणि अख्खी राफ्ट म्हातारीला चिकटून उभी राहायला लागली. "दगडाकडे! सगळे दगडाकडे!" ती ओरडली. काका आणि लंबूने अंग टाकलं. वकील मधल्या दोरीला हात घालायला गेला, दोरी हुकली आणि तो पाण्यात गेला. एकदा त्याचं पिवळं हेल्मेट दिसलं. मग दिसलं नाही.

त्याचा पाय खाली दोन दगडांच्या फटीत अडकला होता आणि पाणी त्याला वाकवून दाबून धरत होतं. हे नंतर कळलं. त्या वेळी काकांना फक्त वाहतं पाणी दिसत होतं. त्यांच्या तोंडातून आपोआप आकडे निघायला लागले. एक, दोन, तीन. चारला पाणकोंबडीने कमरेची दोरी राफ्टच्या कडीत अडकवली. सहाला तिने उडी मारली. अकराला ती वर आली, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली. लंबू देवाचं नाव घेत होता. काका मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. एकोणीसला वकिलाचं डोकं पाण्याबाहेर आलं.

काठावर तो खोकला, ओकला आणि पुन्हा खोकला. नडगीचं हाड मोडलं होतं. पाय भलत्याच बाजूला वळला होता. त्याने डोळे बारीक करून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "चष्मा गेला रे." लंबूला हसू आणि रडू एकदमच आलं.

काकांनी वळून नदीकडे बघितलं. राफ्ट अजून अडकलेलीच होती आणि तिच्या शेजारी म्हातारीचं ओलं डोकं पाण्यातून किंचित वर येऊन पुन्हा बुडत होतं. एक नव्वदला ती हातभर खाली हवी. मग त्यांना शिडी आठवली. आपण दोन्ही हातांनी धरलेली, पाय घट्ट रोवून. ते जागच्या जागी बसले.

कंपनीची जीप काठच्या रस्त्याने आली. दवाखान्याची वाट पुलावरून जाते. मागच्या बाकावर पाणकोंबडी वकिलाचा पाय फळीला धरून बसली होती. पूल आला तेव्हा तिने खिडकीतून खाली बघितलं. काकांनीही बघितलं. एक पन्नास. तिने काकांकडे पाहिलं, एकदाच, आणि पुन्हा पाय धरायच्या कामाला लागली.

संध्याकाळी सहाला काका खोलीत गेले. रजिस्टर उघडलं. त्या दिवशीचा सकाळचा रकाना रिकामा होता. आठ वाजता ते नदीत होते; सातच्या फेरीचाच आकडा परतल्यावर लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. रिकामा रकाना त्यांना बघवेना. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं: सकाळी ७ वा., १.५०. मग संध्याकाळचा आकडा लिहिला. शेजारी 'शेरा' नावाचा रकाना असतो. तो त्यांनी कोरा ठेवला आणि कुलूप लावून घरी गेले.

आकडा खरा होता, यात शंका नाही. पण तो खराच आकडा आता पोरीच्या मुळावर उठणार होता. पाणी दीड असताना डावीकडून राफ्ट नेणारी गाइड म्हणजे एकतर आंधळी किंवा बेदरकार. हे काकांना लिहितानाच कळलं होतं. मला त्यांचा राग येतो तो इथे. पट्टी वाचताना चूक कोणाचीही होते. शेरा कोरा ठेवायला मात्र विचार करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. वकिलाचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, उशाशी लंबू बसलेला. काकांनी दार लोटून घेतलं आणि दोघांना सगळं सांगून टाकलं. पट्टी, शिडी, चाळीस, सगळं.

लंबू आढ्याकडे बघत राहिला. वकील म्हणाला, "फोन कुठे लिहून ठेवलेला असतो का?"

"नाही."

"मग गप्प बस. माझी कोणावर तक्रार नाही. तुझं रिटायर व्हायला एक वर्ष राहिलंय, डाग कशाला लावून घेतोस? पोरगी तरुण आहे, तिला दुसरं काही मिळेल."

तीस वर्षांत वकिलाने पहिल्यांदाच काकांच्या बाजूने केस लढवली होती. तो बोलला ते प्रेमानेच बोलला. काकांना ते पटलंही, आणि पटलं याचीच त्यांना लाज वाटली.

घरी आले तर बायको जेवणाचं ताट समोर ठेवून उभी राहिली. तिचं जावेशी बोलणं झालं होतं. "उद्या परवान्याच्या कार्यालयातून बाई येणारेत चौकशीला," ती म्हणाली. "पोरीने कागद लिहून ठेवलाय. पाण्याचा अंदाज मी घेतला, डावीकडून जायचं मीच ठरवलं, असं. तुम्ही तिला किती सांगितलं होतंत?"

काका ताटाकडे बघत राहिले. बायकोला उत्तर मिळालं.

"तिने तुमचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तरी घ्या."

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता होड्यांच्या शेडमध्ये चौकशी झाली. कार्यालयाच्या बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर फाइल. पाणकोंबडी समोर उभी. तिचे वडील दाराशी, हाताची घडी घालून. काकांना रजिस्टर घेऊन बोलावलं होतं.

बाईंनी त्या दिवशीचं पान काढलं. "सकाळी सातला एक पन्नास. बरोबर?"

"बरोबर," काका म्हणाले.

बाई पाणकोंबडीकडे वळल्या. "एक ऐंशीच्या खाली उजवीकडून जायचं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"तरी डावीकडून गेलात."

"हो. माझा अंदाज चुकला."

"पट्टी बघितली नाहीत?"

बाईंनी पेनचं टोपण काढलं. दाराशी तिच्या वडिलांनी मान फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती, आणि ती काकांना दिसली.

"तिने पट्टी बघायची नसते," काका म्हणाले. "ती मी बघतो. रोज सातला ती मला फोन करून विचारते. त्या दिवशी पट्टीवर एक पन्नास होतं आणि मी तिला एक नव्वद सांगितलं. नव्या पट्टीला चाळीस मिळवायचे नव्हते. मी मिळवले. काठावर तिने मला सांगितलं होतं, पाणी कमी वाटतंय. मी तिला गप्प केलं. पाहुण्यांसमोर मोठेपणा मिरवायचा होता मला."

"काका," पाणकोंबडी म्हणाली.

"तू थांब." ते बाईंकडे वळले. "तिने त्याला खालून ओढून काढलं, तेव्हा मी मोजत होतो. एकोणीस. ती नसती तर मी अजून मोजतच असतो."

मग बाई म्हणाल्या, "हे लेखी द्यावं लागेल. आणि तुमच्या खात्यालाही जाईल."

काकांनी रजिस्टर त्यांच्या मांडीवरून उचललं, खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. एकतीस वर्षांत त्या रकान्यात पुराशिवाय काही आलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'गाइडला मी १.९० सांगितले. चूक माझी.' खाली सही, तारीख आणि वेळ. अकरा सत्तावीस.

दाराशी त्यांचा भाऊ उभा होताच. काका बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "पाणी तू बघणार होतास." हे वाक्य ते मरेपर्यंत विसरणार नाहीत.

खात्याने काकांना कारणे दाखवा नोटीस धाडली. पट्टी सरळ करायला अकरा वर्षं लावणाऱ्या खात्याने हे काम नऊ दिवसांत केलं. काकांनी उत्तरात कारण दाखवलं नाही, नुसती चूक कबूल केली. सर्व्हिस बुकात लेखी ताकीद चिकटली. गावात मासे धरणारे एकदोघे स्वतः पट्टी बघायला लागले. काकांना ते पुलावरून दिसायचं आणि लागायचं. वकील दीड महिन्याने कुबड्यांवर घरी गेला. जाण्याआधी त्याने पडल्यापडल्या काकांचे डोळे तपासले आणि नंतर पार्सलने एक चष्मा पाठवला. सोबत चिठ्ठी होती: 'नंबर थोडा वाढलाय. अक्कल तेवढीच आहे. पुढच्या वर्षी उजवीकडून.'

पाणकोंबडीचा कच्चा परवाना राहिला. पण तिचा फोन आला नाही. चौकशी चालू होती तोवर राफ्ट बंद होती, हे ठीक; पण निकाल लागला, राफ्ट सुटायला लागल्या, तरी नाही. काका रोज सातला पुलावर जायचे. आता कठड्यावरून वाकायचे नाहीत. पायऱ्या उतरून, खांबापाशी उकिडवे बसून, नवा चष्मा लावून वाचायचे. फोन वरच्या खिशात ठेवायचे. साडेसात वाजले की वर येऊन आठची वाट बघायचे. असे बारा दिवस गेले. त्यांनी मोजले होते.

तेराव्या दिवशी फोन वाजला.

"काका, पाणी किती?"

काकांनी पुन्हा एकदा पट्टी बघितली. पाण्याच्या रेषेला बोट लावलं. "एक सदुसष्ट," ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, "पट्टीवरचं सांगतोय. काही मिळवलं नाही. पण तू माझ्यावर जाऊ नकोस, तू आपली डोळ्यांनी..."

"बघितलंय मी आधीच," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. पलीकडच्या काठावर, अगदी पाण्याला लागून, ती फोन कानाला लावून उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"मलाही तेवढंच वाटलं," ती म्हणाली आणि राफ्टकडे गेली.